तोदीचा 'वेडा' संतकवी आणि तोदीचे नगर

मध्ययुगीन भक्तिकवीचा अभ्यास करताना त्याच्याभोवती जमलेल्या आख्यायिका आणि त्याची कविता यांत भेद केला पाहिजे, हे तत्त्व सर्वांना मान्य असते. प्रत्यक्ष अध्यापनात मात्र पुष्कळदा आख्यायिकाच कवितेचा अर्थ ठरवू लागते. इटलीतील उंब्रिया प्रांतातल्या तोदी या गावचा कवी याकोपोने दा तोदी (मृत्यू १३०६) हे याचे ठळक उदाहरण होय.

परंपरेने सांगितलेले त्याचे चरित्र प्रसिद्ध आहे. बेनेदेत्ती या प्रतिष्ठित घराण्यात जन्म, कायद्याचा व्यवसाय, एका समारंभात मंच कोसळून पत्नीचा मृत्यू, तिच्या उंची वस्त्रांखाली आढळलेले प्रायश्चित्ताचे खरखरीत वस्त्र, आणि त्यानंतर गावाच्या उपहासाचा विषय झालेला विरक्त याकोपोने. ही कथा हृद्य आहे. परंतु ती त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ काळाने लिहिल्या गेलेल्या चरित्रांतून आलेली आहे. तिच्या आधारे त्याच्या स्तुतिगीतांकडे, म्हणजे 'लाउदां'कडे, केवळ भावोन्मादाचा उद्गार म्हणून पाहणे युक्त नव्हे.

येथे नगराचा विचार अगत्याचा ठरतो. तिबेर नदीच्या खोऱ्यावरील टेकडीवर वसलेले तोदी तेराव्या शतकात स्वयंशासित नगर, म्हणजे 'कोमूने', होते. गावाच्या मुख्य चौकात एका बाजूस कॅथीड्रल आणि त्यासमोर नगरसत्तेचे वाडे अशी रचना आजही दिसते. त्यांपैकी 'पालात्झो देल पोपोलो'ची उभारणी १२१३ च्या सुमारास सुरू झाली; इटलीतील सर्वांत जुन्या नगरवाड्यांत त्याची गणना होते. धर्मसत्ता आणि नगरसत्ता एकाच चौकात समोरासमोर उभ्या असलेल्या या गावात सभा, निवाडे, करार आणि घराण्यांची भांडणे हा नित्याचा व्यवहार होता. त्याच वेळी १२६० मध्ये पेरुज्यातून उसळलेल्या आत्मताडन करणाऱ्या प्रायश्चित्तवाद्यांच्या चळवळीमुळे उंब्रियात गृहस्थांची भक्तिमंडळे वाढली आणि लोकभाषेतील लाउदा सामूहिक गायनाचा प्रकार म्हणून रुजली.

याकोपोनेची कविता या दोन्ही परंपरांवर पोसलेली आहे. आत्मा आणि देह यांचा वाद, दैवी न्याय आणि करुणा यांच्यातील विवाद, क्रूसाखालील मातेचा विलाप संवादरूपाने मांडणारी प्रख्यात लाउदा, या साऱ्यांत उक्ती-प्रत्युक्तीचे रूप प्रधान आहे. तो विधिज्ञ होता असे चरित्रकार सांगतात म्हणून नव्हे, तर त्याची कविताच वादी-प्रतिवादींच्या भाषेत विचार करते म्हणून तिचे नाते नगराशी जोडावे लागते.

यावर असा आक्षेप येईल की, ख्रिस्तासाठी वेडे होण्याचा गौरव कवीने स्वतःच केला आहे. तो खरा आहे. परंतु त्या वेडाचे समर्थनही तो युक्तिवादाने करतो. पॅरिसच्या पांडित्याने असिसीची साधी वृत्ती नष्ट केली, ही त्याची तक्रार विद्येचे स्वरूप जाणणाऱ्याची आहे, विद्येला अपरिचित असणाऱ्याची नव्हे.

'वेडा संत' या प्रतिमेचा सर्वांत मोठा दोष असा की, तिच्यामुळे कवीच्या कृतीचे दायित्व पुसले जाते. १२७८ मध्ये फ्रान्सिस्कन संघात प्रविष्ट झालेला याकोपोने कठोर दारिद्र्यव्रताचा आग्रह धरणाऱ्या गटाचा होता. मे १२९७ मध्ये कोलोन्ना घराण्यातील कार्डिनलांनी पोप बोनिफास आठवा याच्या निवडीलाच आव्हान देणारे जे पत्रक काढले, त्यावर साक्षीदार म्हणून त्याची सही आहे. हा पोप तरुणपणी तोदीच्याच कॅथीड्रलमध्ये पदाधिकारी होता, ही बाबही लक्षणीय आहे. १२९८ मध्ये कोलोन्नांचे पालेस्त्रिना पडले. याकोपोनेला बहिष्कार आणि कारावास भोगावा लागला आणि बोनिफासच्या मृत्यूनंतर १३०३ मध्येच त्याची सुटका झाली. पोपला उद्देशून लिहिलेल्या त्याच्या लाउदा या पार्श्वभूमीवर वाचल्या तर त्या विक्षिप्त बडबड ठरत नाहीत. ती परिणाम ठाऊक असलेल्या माणसाची वाणी ठरते.

मराठीच्या अभ्यासकाला येथे १२९० ची 'ज्ञानेश्वरी' आठवणे स्वाभाविक आहे. परंतु समकालीनता म्हणजे साम्य नव्हे. 'तेराव्या शतकातील लोकभाषांचा उदय' असे व्यापक सूत्र मांडले की तोदीचा नगरवाडा, भक्तिमंडळ आणि फ्रान्सिस्कन संघातील कलह हे सारे नजरेआड होते. आणि दुसऱ्या बाजूचेही विशिष्ट संदर्भ तसेच हरवतात. तौलनिक अभ्यासाने प्रथम प्रत्येक कवितेला तिच्या स्थानी नीट वाचावे, आणि मगच साम्यभेदांची चर्चा करावी.

याकोपोनेची समाधी तोदीतील सान फोर्तुनातो चर्चच्या तळघरात आहे. त्याच्या लाउदांची पहिली मुद्रित आवृत्ती १४९० मध्ये फ्लॉरेन्स येथे निघाली. आपल्या वर्गांत मात्र तो आख्यायिकेसह प्रवेश करतो आणि पुष्कळदा तिच्यासहच निघून जातो. पदव्युत्तर अध्यापनात त्याच्या एखाद्या लाउदेबरोबर त्या चौकाचा आराखडा आणि १२९७ चे पत्रक ठेवले, तर विद्यार्थ्याला संतकवी हा नागरिकही असतो याची जाणीव होईल. ती जाणीव अन्य संतकवींच्या वाचनातही उपकारक ठरेल, असे वाटते.