बोन मॅरोसाठी लाखो रुपये जमतात, पण तोवर उशीर झालेला असतो

नाकात नळी घातलेलं बाळ, खाली क्यूआर कोड आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी लाखांतला आकडा. अशी पोस्ट तुमच्या फीडवर कधी ना कधी आलीच असेल. यातल्या काही बाळांना 'स्किड' असतो, म्हणजे जन्मापासून रोगप्रतिकारशक्ती जवळपास नसते. आपण पोस्ट शेअर करतो, जमेल तेवढे पैसे पाठवतो. ते करायलाच हवं. पण पोस्ट आपल्यापर्यंत येते तेव्हा बाळाला बहुतेक वेळा एखादा मोठा संसर्ग झालेला असतो, आणि खरी अडचण तिथेच आहे.

उत्तर अमेरिकेतल्या २४० स्किड बाळांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेतीन महिन्यांच्या आत ट्रान्सप्लांट झालेल्यांपैकी ९४ टक्के बाळं पाच वर्षांनंतरही जिवंत होती. साडेतीन महिन्यांनंतर, पण कोणताही संसर्ग होण्याआधी ट्रान्सप्लांट झालेल्यांमध्ये हे प्रमाण ९० टक्के होतं. अंगात संसर्ग असताना ट्रान्सप्लांट करावं लागलेली बाळं मात्र खूप मागे पडली.

मग आजार आधीच का ओळखत नाहीत? कारण जन्मतः बाळ अगदी ठणठणीत दिसतं. त्यात आपल्याकडे जन्मल्याबरोबर बीसीजीची लस देतात. तिच्यात क्षयाच्या जातीचे, जिवंत पण दुबळे केलेले जंतू असतात. इतर बाळांसाठी ही लस संरक्षण आहे आणि ती द्यायलाच हवी. स्किडच्या बाळात मात्र तेच जंतू अंगभर पसरू शकतात.

याच ठिकाणी न्यूयॉर्कमधल्या एका जोडप्याचं काम महत्त्वाचं ठरतं. फ्रेड आणि विकी मोडेल यांचा मुलगा जेफ्री याला जन्मजात प्रतिकारशक्तीचा आजार होता. तो १५ व्या वर्षी गेला. १९८७ मध्ये त्यांनी त्याच्या नावाने जेफ्री मोडेल फाउंडेशन सुरू केलं. या संस्थेने मदतनिधी वाटण्यापुरतं काम ठेवलं नाही, आजार लवकर सापडावा यावर जोर दिला. तिची 'धोक्याची १० लक्षणं' आज जगभर दवाखान्यांच्या भिंतींवर दिसतात: वर्षात दोन वेळा न्यूमोनिया, दोन महिने अँटिबायोटिक देऊनही फरक नाही, बाळाचं वजन वाढत नाही, तोंडातली बुरशी जात नाही वगैरे.

पुढची पायरी होती नवजात बाळांची तपासणी. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून स्किडचा संशय ओळखता येतो. २००८ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने ही तपासणी सगळ्या नवजात बाळांसाठी सुरू केली, त्याला या फाउंडेशनचा पैसाही लागला. २०१८ संपेपर्यंत अमेरिकेच्या सगळ्या ५० राज्यांत ती सुरू झाली. तिथे साधारण ५८ हजार बाळांमागे एक स्किडचं निघालं. भारतात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात. तेच प्रमाण धरलं तरी आकडा साडेतीनशेच्या घरात जातो. मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल अजून आहे तिथे तो जास्तही असू शकतो, कारण स्किडचे काही प्रकार नात्यातल्या लग्नांमुळे वाढतात.

आपल्याकडे अशी तपासणी देशपातळीवर होत नाही. सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात स्किडसाठीचं ट्रान्सप्लांट आहे. २०२२ पासून ठरलेल्या केंद्रांमध्ये ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, मुंबईचं केईएम त्यातलंच एक. ज्यांना आयुष्यभर इम्युनोग्लोब्युलिन घ्यावं लागतं, तेही या धोरणात येतात. (हे औषध वजनावर दिलं जातं. म्हणजे मूल वाढलं की बिलही वाढतं, मर्यादा मात्र तेवढीच राहते.) पण हा सगळा पैसा निदानानंतरचा आहे. केईएमच्या दारात पोहोचायच्या आधीच गेलेल्या बाळाच्या नावे कोणतीच फाइल तयार होत नाही, त्यामुळे गरज किती आहे हे कागदावर कधी दिसतच नाही. माझ्या मते मदतनिधीइतकाच जोर टाचेच्या तपासणीच्या मागणीवर द्यायला हवा.

ती येईपर्यंत घरच्यांच्या हातात एक गोष्ट आहे. स्किडचा एक नेहमी आढळणारा प्रकार आईकडून मुलाकडे येतो. त्यामुळे बाळाचे मामा किंवा आईचे मामा तान्हेपणीच दगावले असतील, किंवा आधीचं भावंडं असं गेलं असेल, तर ते डिलिव्हरीआधीच डॉक्टरांना सांगा. जुन्या घरांत या गोष्टी 'दृष्ट लागली' म्हणून सोडून दिलेल्या असतात, म्हणून आजीला मुद्दाम विचारा. बीसीजी लगेच द्यायची की आधी रक्त तपासायचं, हे डॉक्टर ठरवतील.