बिनपाण्याची हजामत

बालरोगतज्ज्ञाने दाढीविषयी लिहावे, हे वाचकांस काहीसे विचित्र वाटेल. ज्यांच्या हनुवटीवर अद्याप लवही उगवलेली नाही, अशा रुग्णांच्या सहवासात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली. तरीही यंदाच्या स्मरणिकेसाठी हाच विषय निवडला, त्याला एक घरगुती कारण आहे आणि एक व्यावसायिक. दोन्ही कारणे भैरवगढ येथेच एकत्र आली.

आपल्या भाषेत एखाद्याची खरडपट्टी काढली की ‘त्याची बिनपाण्याने केली’ असे आपण म्हणतो. हा वाक्प्रचार मी लहानपणापासून ऐकत आणि वापरत आलो. त्यामागे एक शुद्ध वैद्यकीय निरीक्षण दडलेले आहे, हे मात्र पन्नाशी ओलांडल्यावर माझ्या ध्यानी आले. तेही पुस्तकातून नव्हे, तर स्वतःच्या मानेवरून.

काही वर्षांपूर्वी पौषाच्या कडाक्याच्या थंडीत माझे वडील निवर्तले. शिंदेशाहीबरोबर माळव्यात येऊन येथे रुजलेल्या अनेक मराठी घरांप्रमाणे आमच्या घरीही उत्तरक्रियेसाठी क्षिप्रेकाठचा सिद्धवट हेच ठिकाण ठरलेले. कालभैरवाचे मंदिर, मध्यवर्ती कारागृह आणि बाटिकचे रंगीत कापड छापणारी घरे यांमुळे भैरवगढ बाहेरच्यांना ठाऊक असते. आम्हां उज्जैनकरांना मात्र ते निरोपाचे ठिकाण म्हणून अधिक जवळचे. दहाव्या दिवशी तेथे माझे क्षौर झाले. सुतकात वाढलेले दहा दिवसांचे खुंट, अंगावर शहारे आणणारे नदीचे गार पाणी, साबणाचे केवळ नाव, आणि मागे वाट पाहणारी चार कुटुंबे. वस्तरा गळ्यावरून खालून वर असा दोनदा ओढला गेला. त्या क्षणी दुःखात काही जाणवले नाही. संध्याकाळी मात्र मान पेटल्यासारखी झाली. तिसऱ्या दिवशी कंठाखाली आणि जबड्याच्या कडेला लाल पुटकुळ्यांची रांग उठली. तेराव्याला लोक भेटावयास येत होते आणि मी सदऱ्याची गुंडी उघडी ठेवून बसलो होतो.

त्याच महिन्यात सव्वा वर्षाचे एक मूल माझ्याकडे आले. आठ दिवसांपूर्वी जावळ झालेले. मानेच्या मागच्या वळीत पूयुक्त फोड, कानामागील आणि डोक्याच्या मागील गाठी सुजलेल्या, अंगात ताप. औषधांनी मूल बरे झाले. पण माझ्या मनात एक प्रश्न राहिला. अशी मुले मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो. प्रतिजैविक लिहून देत होतो. ‘जावळ कसे केले, कोरडे की ओले, पाते नवे होते का?’ हे मी एकाही आईला कधी विचारले नव्हते. स्वतःची मान भाजल्याखेरीज तो प्रश्न मला सुचू नये, याची लाज वाटली.

मानेवरच हा त्रास अधिक का होतो, हे आपण वैद्यकीय मंडळींनी एकदा नीट समजून घ्यावे. गालावरील केस बहुधा एका दिशेने, खाली उतरतात. मानेवर तसे नसते. कंठमण्याखालचे केस अनेकांत वर चढतात, बाजूचे आडवे जातात, काही ठिकाणी भोवरा असतो आणि पुष्कळ केस त्वचेला टेकून निजलेले असतात. त्वचा पातळ, सैल, सुरकुत्यांची. त्यावर दिवसभर गळपट्टीचे घर्षण. अशा ठिकाणी त्वचा ताणून, उलट्या दिशेने, खोलवर वस्तरा फिरवला की केस पृष्ठभागाच्या खाली तुटतो आणि त्याचे टोक तिरपे, टोकदार राहते. ताण सुटताच ते आत ओढले जाते. वाढताना बाहेर येण्याऐवजी कूपाची भिंत टोचते, किंवा बाहेर येऊन वळते व पुन्हा त्वचेत शिरते. शरीर त्याला परका पदार्थ समजून दाह निर्माण करते. यालाच सुडोफॉलिक्युलायटिस बार्बी म्हणतात. कुरळ्या केसांच्या लोकांत तो फार आढळतो. अमेरिकन सैन्यातील कृष्णवर्णीय सैनिकांना त्यासाठी दाढी न करण्याची वैद्यकीय मुभा दीर्घकाळ दिली गेली आणि तिच्यावरून वादही झाले. यात प्रारंभी जंतूचा संबंध नसतो. जंतू नंतर येतात, आणि आले की त्यांना आयते दार उघडे मिळते.

हे दार किती महागात पडू शकते, याची उदाहरणे इतिहासात आहेत. तुतनखामेनच्या थडग्याचे उत्खनन ज्यांच्या पैशावर झाले ते लॉर्ड कार्नारव्हॉन १९२३ साली कैरोत वारले. थडग्याच्या शापाची कथा जगभर पसरली. प्रत्यक्षात गालावरील डासाच्या चाव्यावर वस्तरा लागला, जखमेत जंतुसंसर्ग झाला आणि तो रक्तात पसरला. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत दाढीच्या ब्रशाच्या दूषित केसांमधून अँथ्रॅक्स झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या. ती प्रतिजैविकांपूर्वीची युगे होती हे खरे. पण यकृतदाहाचा ‘बी’ विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो, हे आजचे सत्य आहे. आणि वस्तऱ्याच्या धारेवरचा रक्ताचा अंश डोळ्यांना दिसत नाही.

पुष्कळ सहकारी मला म्हणतात, ‘वस्तराच सोडा, विजेचे यंत्र वापरा, प्रश्न संपला.’ मला हे पटत नाही. क्षौर आणि जावळ या विधींतून वस्तरा आपण म्हटल्याने जाणार नाही, आणि त्यावर अनेक कुटुंबांची उपजीविका आहे. शिवाय वस्तरा मुळात दोषी नाही. तीन-चार पात्यांची आधुनिक उपकरणे केस वर ओढून त्वचेखाली कापतात. त्या मानाने एकाच पात्याचा वस्तरा, हात सावध असेल तर, मानेला अधिक सोसवतो. दोष आहे तो घाईचा, कोरडेपणाचा आणि ‘गुळगुळीत झाली पाहिजे’ या आपल्या हट्टाचा.

हे मला शिकवले ते भैरवगढच्याच एका वयोवृद्ध नाभिक बंधूंनी. महिन्याभराने मान निवल्यावर मी मुद्दाम त्यांच्याकडे जाऊन बसलो. त्यांनी वस्तरा हाती घेण्यापूर्वीच पुष्कळ वेळ घेतला. मी चुळबुळ केली तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘डाक्टर साब, बाल पहले पानी से मानता है, फिर उस्तरे से.’ त्यांची रीत आणि आपले शास्त्र यांत मला काहीच विरोध आढळला नाही. तो क्रम येथे नोंदवतो.

चार-आठ दिवसांची दाढी असेल तर प्रथम कात्रीने किंवा यंत्राने ती बारीक करावी. लांब केसांवर थेट वस्तरा चालवला की तो ओढतो. मग कोमट पाण्यात भिजवलेला, स्वतःचा स्वच्छ पंचा मानेवर दोन-तीन मिनिटे ठेवावा. कोरडा केस चिवट असतो. पाणी शोषले की तो फुगतो, मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. साबणाचा फेस ब्रशाने गोल फिरवीत मुळापर्यंत न्यावा, म्हणजे निजलेले केस उभे राहतात. त्याआधी बोटांनी मान चाचपून कोणत्या भागात केस कोणीकडे जातात, हे पाहून ठेवावे. ज्या दिशेने बोट अडखळत नाही, ती वस्तऱ्याची दिशा. पाते त्वचेशी साधारण तीस अंशांत धरावे, दाबू नये, छोटे फटकारे द्यावेत. सैल त्वचा वस्तऱ्याखाली गोळा होणार नाही इतकीच ताणावी, अधिक नाही. पहिल्यांदा सुलटा हात फिरल्यावर जे खुंट राहतील ते राहू द्यावेत. मानेची उलटी दाढी हाच बहुतेक दुखण्यांचा उगम आहे.

धार हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. जुन्या पोलादी वस्तऱ्याला निसण्यावर घासून, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून धार राखावी लागे. बोथट वस्तरा केस कापत नाही, उपटतो. आज बहुतेक ठिकाणी अर्ध्या ब्लेडचा वस्तरा असतो. त्याचे पाते अधिक तीक्ष्ण आणि ताठ, म्हणून हात हलका हवा. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते, तेही त्याच्या डोळ्यांदेखत बसवलेले हवे. तेच पाते अँटिसेप्टिकच्या पाण्यात क्षणभर बुडवून काढणे म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे.

दाढीनंतर गार पाण्याने धुऊन, न रगडता टिपून घ्यावे. तुरटी कापलेल्या जागेवर टेकवावी. सगळ्या सोललेल्या मानेवर घासू नये. झोंबणाऱ्या सुगंधी लोशनपेक्षा साधा, गंधहीन मलईचा लेप बरा. पुटकुळ्या उठल्याच तर तीन-चार आठवडे वस्तऱ्याला विश्रांती द्यावी, यंत्राने खुंट ठेवून कापावे, केस चिमट्याने उपटू नयेत. आणि औषधाच्या दुकानातून ‘सगळ्यावर चालणारे’ स्टेरॉइडमिश्रित मलम तर कदापि आणू नये. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी ती मिळतात, हे आपण सारे जाणतो.

आता माझ्या मूळ रुग्णांकडे वळतो. वर सांगितलेले सारे नियम बाळाच्या मानेला दुपटीने लागू होतात. त्याची त्वचा अधिक पातळ, मान वळ्यांची व घामाने ओली, आणि रडत डोके हलवणे त्याच्या हाती. स्थिर बसणे नाही. म्हणून माझा आग्रह असा : जावळ शक्यतो यंत्राने वा कात्रीने करावे आणि वस्तरा विधीपुरता एकदा टेकवावा. मानेच्या वळीत वस्तरा नेऊच नये. डोके आधी कोमट पाण्याने भिजवावे. बाळ पोटभर जेवलेले, झोप झालेले असावे. यकृतदाह ‘बी’च्या लशी पूर्ण झाल्याची खात्री करावी. ओरखड्यांवर लगेच हळद-चंदनाचा लेप लावू नये. ‘खोलवर काढले तर केस दाट येतात’ ही समजूत तर १९२८ सालीच मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन संशोधिकेने तपासून पाहिली होती. वस्तऱ्याने केसांच्या वाढीत फरक पडत नाही. ज्या कारणासाठी आपण बाळाची मान सोलतो, ते कारणच खोटे आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. दाढीच्या जागी होणाऱ्या जंतुसंसर्गाला इंग्रजीत ‘बार्बर्स इच’ असे नावच पडले आणि सारा दोष कारागिराच्या माथी गेला. हे न्यायाचे नाही. संत सेना महाराजांच्या समाजाला सेवेचा अर्थ आपण शिकवावा, असे नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निश्चय केला होता. वस्तरा कोठे चालवायचा नाही, हे त्यांनी शिकल्यासवरल्या समाजाआधी ठरवले. ज्यांनी ते केले त्यांचे वारस नवे पाते आणि कोमट पाणी नाकारतील, असे मला वाटत नाही. त्यांना ते कोणी सन्मानाने सांगितले नाही, आणि घाटावर घाई करणारे आपणच असतो. पाच मिनिटे थांबायची तयारी नसलेला यजमान आणि पात्याचे चार पैसे जास्त देण्यास कुरकुरणारा गृहस्थ, हे या रोगाचे खरे कारक आहेत.

२०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे. क्षिप्रेच्या घाटांवर किती मस्तके वस्तऱ्याखाली येतील, याची कल्पना २०१६ चे पर्व पाहिलेल्यांना आहे. त्यापूर्वी आपल्या संस्थेने भैरवगढच्या नाभिक बंधूंसमवेत दोन-तीन बैठका घ्याव्यात, असे मी सुचवतो. व्याख्याने देण्यासाठी नव्हे. त्यांचे ऐकण्यासाठी आणि आपले सांगण्यासाठी. घाटावर पाणी तापवण्याची सोय, पात्यांची पाकिटे आणि वापरलेल्या पात्यांसाठी झाकणाचा डबा, एवढा खर्च आपल्या वार्षिक स्नेहसंमेलनाच्या भोजनखर्चात सहज मावेल.

मी अजूनही अधूनमधून दाढीसाठी त्या वृद्ध गृहस्थांकडे जातो. ते पंचा भिजवतात, मी थांबतो. मान आता आग करीत नाही. त्या पाच मिनिटांत वडिलांची आठवण येते, आणि जावळाला आलेल्या आईला आज काय सांगायचे, हेही आठवते. घाटावरून परतताना कोणाही शोकाकुल मुलाची वा तान्ह्या बाळाची मान जळू नये, एवढीच या लेखामागील इच्छा. बाकी बिनपाण्याने करायचीच असेल तर ती माझी करावी. इतकी वर्षे हा प्रश्न न विचारल्याबद्दल मी तिला पात्र आहे.