प्रात्यक्षिकाचे गुण पूर्ण, हात मात्र कोरे

दहावीचा निकाल लागला की ठाण्याच्या राम मारुती रस्त्यापासून डोंबिवलीच्या फडके रस्त्यापर्यंत खासगी क्लासेसचे फलक झळकू लागतात. गुणवंतांची छायाचित्रे, त्याखाली टक्केवारी आणि त्याखाली पुढील दोन वर्षांच्या प्रवेशाचे आवाहन. त्याच सुमारास घरोघरी एक प्रश्न विचारला जातो, "पुढे काय?" एका पिढीपुढे या प्रश्नाची उत्तरे ठरलेली होती: बँक, आयुर्विमा, रेल्वे. तिच्या मुलांनी संगणक अभियंता व्हायचे ठरवले. आज पंधरा वर्षांची मुलगी डेटा सायन्सचे नाव घेते, तिच्या वर्गमित्राला संगणकीय खेळ रचायचे असतात, तिसऱ्याला यूपीएससी द्यायची असते आणि चौथ्याला यूट्यूबवर स्वतःची वाहिनी चालवायची असते. आजोबा चिंतेत पडतात, आई-वडील गोंधळतात आणि वर्तमानपत्रे 'करिअरच्या नव्या वाटा' अशा पुरवण्या काढतात.

महत्त्वाकांक्षा बदलल्या याचे दुःख करण्याचे कारण नाही. काळ बदलला की त्या बदलायच्याच. खटकणारी गोष्ट वेगळी आहे. या चौघांपैकी एकानेही दहा वर्षांच्या शालेय शिक्षणात लाकडाला रंधा लावलेला नाही, विजेचा सांधा जोडलेला नाही, वाफ्यात बी टोचलेले नाही. ज्याने काहीच करून पाहिलेले नाही, त्याला आपल्याला काय करायला आवडते हे कसे कळावे?

शाळेच्या वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास असतो, हे खरे. पण तो कागदावर असतो. सहामाही जवळ आली की तो गणिताच्या शिक्षकांकडे जातो, स्नेहसंमेलन आले की नृत्याच्या सरावाकडे. ज्या विषयाला अंतिम टक्केवारीत स्थान नाही, त्याचा तास पळवला तर तक्रार करणार कोण? जेथे गुण आहेत तेथे तरी काय घडते? राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत विज्ञानाच्या शंभर गुणांपैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत आणि बारावीत भौतिकशास्त्राच्या शंभरपैकी ३०. हे गुण बहुतेकांना जवळजवळ पूर्ण मिळतात. प्रयोगवही मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवली जाते, निरीक्षणे आधी ठरतात आणि आकडे मागाहून त्यांत बसवले जातात. लंबकाला झोका न देताच त्याचा दोलनकाल लिहिणारा विद्यार्थी विज्ञान शिकत नाही, अप्रामाणिकपणा शिकतो. आणि तो त्याला शाळेच्या संमतीने शिकवला जातो.

अकरावीत यावर कळस चढतो. 'इंटिग्रेटेड' या गोंडस नावाखाली विद्यार्थ्याचे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि तो स्वतः दिवसभर क्लासमध्ये, अशी व्यवस्था रूढ झाली. २०१८ मध्ये राज्य शासनाने विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो याच कारणासाठी. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंगमध्ये प्रवेश देऊ नये, अशा मार्गदर्शक सूचना दिल्या. रोगाचे मूळ मात्र दोन्ही आदेशांच्या आवाक्याबाहेर राहिले. जेईई, नीट आणि सीईटी या तिन्ही परीक्षांत हाताने काही करून दाखवावे लागत नाही. उद्याचा शल्यचिकित्सक आणि उद्याचा यंत्र-अभियंता दोघेही चारांपैकी एक पर्याय निवडून आत जातात.

हे कोणाला सुचलेच नाही असे नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेल्या परिषदेने हस्तोद्योग हाच शिक्षणाचा कणा असावा, असा विचार मांडला. १९६६ मध्ये कोठारी आयोगाने कार्यानुभव सांगितला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्य असे नाव दिले. १९८६ च्या धोरणाने व्यवसाय शिक्षणाचा पुन्हा उच्चार केला. नावे बदलत गेली, मुलांचे हात होते तेथेच राहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बाराव्या पंचवार्षिक योजनेचा हवाला देऊन आपल्यासमोर आरसा धरला आहे. औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेल्या तरुण मनुष्यबळाचे प्रमाण अमेरिकेत ५२ टक्के, जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६ टक्के आणि भारतात पाच टक्क्यांहून कमी! २०२५ पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय व्हावा, असे उद्दिष्ट याच धोरणाने ठेवले होते. २०२५ उलटले. ज्या पालकांची मुले आठवी-नववीत आहेत, त्यांनी तो परिचय आपल्या घरात कितपत पोहोचला ते स्वतःच पाहावे.

ठाणे-कल्याण परिसराला तर हा प्रश्न अधिक लागू आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा १९६२ मध्ये जन्म झाला, तो ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. अंबरनाथची आयुध निर्माणी, शहाडचे सेंच्युरी रेयॉन, मोहन्याची एनआरसी, डोंबिवलीची एमआयडीसी, कल्याणची लोकोशेड यांवर येथील हजारो मराठी घरे उभी राहिली. फिटर, टर्नर, वायरमन हे शब्द या घरांत सन्मानाने उच्चारले जात. मग संप झाले, टाळेबंदी झाली. एनआरसी २००९ मध्ये बंद पडली आणि कामगार देण्यांसाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालत राहिले. गिरण्या-कारखान्यांच्या जागांवर टॉवर उभे राहिले. ज्याच्या बापाने हे भोगले, त्याने मुलाला यंत्रापासून दूर ठेवले. हे समजण्यासारखे आहे, त्याला दोष देता येणार नाही. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. कारखाने बुडाले ते जमिनीच्या भावामुळे, जुनाट यंत्रांमुळे, व्यवस्थापनामुळे आणि अतिरेकी संघर्षामुळे. कामगाराच्या हातातले कसब काही बुडीत निघाले नव्हते.

आज याच शहरांतील सोसायट्यांत सुतार राजस्थानातून येतो, फरशीवाला आणि रंगारी उत्तर प्रदेशातून. ते घाम गाळून कमावतात, त्यांच्याविषयी असूया बाळगण्याचे कारण नाही. मात्र 'आमच्या मुलांना काम नाही' असा टाहो फोडणाऱ्यांनी आपल्या मुलाच्या हाती पाना कधी दिला होता, हेही सांगावे. खंडेनवमीला अवजारांना हळदकुंकू वाहायचे आणि उरलेले वर्षभर मुलाला त्यांचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही, ही कसली पूजा? याच कल्याणच्या खाडीत, १६५७ मध्ये शहर स्वराज्यात आल्यावर, शिवछत्रपतींनी जहाजे बांधावयास घेतली. त्यासाठी पोर्तुगीज कारागीर नेमले. ते अर्ध्यावर निघून गेले, तरी आरमार थांबले नाही, कारण तोवर येथले हात शिकले होते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकलेसाठी जे. जे. कलाशाळेत गेले. रंगांधळेपणामुळे रंगकाम सोडावे लागले, म्हणून यंत्राचे आरेखन शिकले, व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले आणि पुढे बेळगावात सायकली दुरुस्त करता करता नांगरापर्यंत पोहोचले. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आजच्या डोंबिवलीत त्यांना एका समुपदेशकाकडे नेले असते आणि त्याने त्यांना तीन महिन्यांचा क्रॅश कोर्स सुचवला असता.

हे शाळेत घडू शकते का, या शंकेला पुणे जिल्ह्यातील पाबळने चाळीस वर्षांपूर्वीच उत्तर दिले आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील पद सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख करून देणारा शालेय अभ्यासक्रम घडला. आठवडचातला एक दिवस मुले हातांनी काम करतात: सुतारकाम, लोहारकाम, बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. शिकवायला गावातलाच कारागीर, आणि केलेली वस्तू गावाच्या उपयोगाची. राज्य मंडळाने तो पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्य केला. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब पाबळला उभी राहिली. संगणकाच्या आज्ञेवर वस्तू घडवणारी यंत्रे हाताळणारी ती मुले शेतकऱ्यांची होती. ज्यांना 'नव्या वाटा' हव्या आहेत, त्यांनी हे नीट पाहावे. गेम रचणाऱ्याला आणि यंत्रमानव घडवणाऱ्यालाही शेवटी मोजावे, कापावे, जोडावे आणि चुकले की पुन्हा करावे लागते.

जागा नाही, पैसा नाही, शिक्षक नाहीत, ही शहरी संस्थाचालकांची तीन ठरलेली उत्तरे आहेत. डोंबिवलीच्या कित्येक शाळांपासून एमआयडीसीतील छोटी वर्कशॉपे रिक्षाच्या अंतरावर आहेत. निवृत्त फिटर आणि वायरमन दर तिसऱ्या इमारतीत भेटतात. ते शिकवायला येतील, फक्त त्यांना कोणी सन्मानाने बोलावलेले नाही. संगणक कक्षासाठी पालकांकडून देणगी मागणारी शाळा एका सुतारी ओट्यासाठी का मागत नाही? या दोन्ही शहरांतील अनेक नामवंत शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीत या पानांचे वाचकच बसलेले आहेत.

नव्या धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले असून स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम पाहावे, करावे अशी अपेक्षा धरली आहे. २०२४ च्या जुलैमध्ये एनसीईआरटीने त्यासाठीच्या मार्गदर्शक सूचनाही दिल्या. हे दहा दिवस आपल्या शाळेने कोणत्या तारखांना ठेवले आहेत, मुले कोणत्या कारागिराकडे जाणार आहेत आणि त्या दिवसांत सराव परीक्षा घेतली जाणार नाही ना, एवढे तीन प्रश्न येत्या पालकसभेत लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखी मागावे.