मंडळी आणि तिची सेवा

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा ख्रिस्ती लोकांशी संबंध येतो तो दवाखान्याच्या अथवा शाळेच्या दारात. मुलाला चांगल्या शाळेत घालावयाचे असले, म्हातारीच्या डोळ्यांवरचा पडदा काढावयाचा असला, की मिशनची आठवण होते. काम झाले म्हणजे ती आठवण मावळते. आणि पुढे केव्हातरी पेढीवर गोष्टी चालल्या असता तोच गृहस्थ विचारतो, ‘हे लोक एवढे करतात, ते काय उगीच?’ प्रश्न गैर नाही. व्यापाऱ्यास तर तो सुचावयाचाच. खर्चाची बाजू वाढत जाते आणि जमेची दिसत नाही, अशी चोपडी त्याने फारशी पाहिलेली नसते. परंतु प्रश्न विचारून उत्तरासाठी न थांबणे हे शहाण्याचे लक्षण नव्हे. आम्ही ख्रिस्ती नव्हे, व कोणी ख्रिस्ती व्हावे अथवा न व्हावे हे सांगण्यासाठी हा लेख नाही. एका समाजाने आपला धर्म आचरणात कसा उतरविला, कोठे तो उतरविण्यात तो कमी पडला, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

मराठी ख्रिस्ती लोक चर्चला ‘मंडळी’ म्हणतात. शब्द फार नेमका योजला आहे. दगडाचुन्याची इमारत म्हणजे मंडळी नव्हे. एकत्र जमणारी, एकमेकांस ओळखणारी, एकमेकांच्या अडीअडचणीस उत्तरदायी असलेली माणसे म्हणजे मंडळी. त्यांच्या धर्मग्रंथात यरुशलेमच्या मंडळीची हकीकत आहे. तिच्यात अगदी आरंभी जो तंटा माजला तो तत्त्वज्ञानाच्या बारकाव्यावरून नव्हे. रोजच्या शिधावाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते, ह्या तक्रारीवरून माजला. प्रेषितांनी ती तक्रार क्षुल्लक म्हणून झिडकारली नाही. सात विश्वासू माणसे निवडून वाटपाचे काम त्यांच्या हाती सोपविले. पोटाची व्यवस्था आणि ईश्वरभक्ती एकाच छपराखाली नांदली पाहिजेत, हा दंडक तेव्हापासूनचा आहे. याकोबाच्या पत्रात तर असे विचारले आहे की, सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य सभेत आला असता त्यास चांगली जागा देता आणि मळक्या वस्त्रांच्या गरिबास पायांशी बसविता, तर तुमचा विश्वास तो कसला? ह्या प्रश्नाकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहो.

आपल्या प्रांतात हे बीज कसे रुजले ते पाहू. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईस आले. १८३१ साली नगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, त्यांचे ठाणे बसले. सिंथिया फरार नावाच्या अविवाहित बाई १८२७ साली मुंबईस उतरल्या व पुढे नगरास मुलींच्या शाळा चालवून १८६२ साली ह्याच देशात वारल्या. जोतीराव फुल्यांनी नगरास जाऊन त्यांची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा घातली, हे आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. दिव्याने दिवा लागला, एवढेच.

परंतु परदेशातून आलेल्या माणसांपेक्षा ह्याच मातीतील एका स्त्रीचे उदाहरण आम्हांस अधिक बोलके वाटते. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांसाठी शारदासदन उघडले. गोदूबाई ही तेथील पहिल्याच विद्यार्थिनींपैकी. १८९३ साली तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, आणि त्या घरातून पुढे स्त्रीशिक्षणाचे केवढे काम उभे राहिले हे सांगावयास नको. सदन पुण्यास आल्यावर मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात असा गवगवा झाला, आणि १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या थोरांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. त्या वादात सारी चूक एकाच पक्षाची होती असे आम्ही म्हणणार नाही. विधवेच्या पालकाने विश्वासाने मुलगी पाठवावी आणि तिच्या धर्माविषयी त्यास धास्ती वाटावी, ह्यात अस्वाभाविक काय आहे? पण तीन वर्षांनी दुष्काळ पडला, तेव्हा ह्या वादातील कितीजण घराबाहेर पडले, हेही विचारले पाहिजे. बाई मध्यप्रांतात गेल्या, आणि रस्त्यावर पडलेल्या, विकल्या जाण्याच्या बेतात असलेल्या सुमारे ३०० मुली व बायका घेऊन परतल्या. १९००च्या गुजराथच्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार तोंडे! मोठ्या पेठेचा कारभार करणारांनीही क्षणभर डोळे मिटून ह्या आकड्याचा विचार करावा. रोजचे धान्य, पाणी, सरपण, कपडा, आजारपण, आणि त्यातच महामारीचे दिवस. बाईंनी माळरानावर विहिरी खोदविल्या, शेती लावली, माग बसविले, गाईगुरे पाळली, छापखाना काढला. आंधळ्या मुलींस उठावाच्या अक्षरांनी वाचावयास शिकविले. बसून खाणारांचे अन्नछत्र त्यांनी घातले नाही. जी आली तिला हातास काम दिले. कालपर्यंत जिचे तोंड पाहणे अपशकुन मानीत, ती खिळे जुळवू लागली. बाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून सोप्या मराठीत सबंध बायबल उतरविले. त्याचे खिळे ह्याच स्त्रियांनी जुळविले, आणि बाई १९२२ साली निवर्तल्यावर १९२४ साली तो ग्रंथ बाहेर पडला. आणि ज्यांना ख्रिस्ती म्हणजे सरकारचा माणूस असे वाटते त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट : १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांचे जे हाल होत, त्यांविरुद्ध ह्याच बाईंनी वर्तमानपत्रातून जाहीर तक्रार केली व राज्यकर्त्यांचा रोष पत्करला.

मग ‘उगीच का’ ह्या प्रश्नाचे उत्तर काय? उत्तर हे की, उगीच नव्हे. ज्याला ते देव मानतात तो भुकेल्याच्या, आजाऱ्याच्या व बंदिवानाच्या रूपाने दारात उभा राहतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. ती खरी असेल तर दार उघडल्यावाचून गत्यंतर नाही. आपल्या संतांस हा विचार परका नव्हता. फरक पडला तो असा की, त्यांनी ह्या श्रद्धेस वही, वेळापत्रक आणि कोठार जोडले. मात्र मदतीच्या बदल्यात कोणी धर्म मागत असेल, तर ती सेवा नव्हे, सौदा होय. आणि असा सौदा जेथे झाला असेल तेथे मंडळीनेच त्याचा प्रथम निषेध केला पाहिजे.

आता कडू गोष्टींकडे वळू. पहिली पैशाची. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांची गीते मराठी मंडळ्यांत आजही गायिली जातात. परंतु परक्यांच्या पगारावर व परक्यांच्या तंत्राने चालणारी मंडळी ह्या भूमीत मूळ धरणार नाही, हे त्यांस अखेरीअखेरीस असह्य झाले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंस जागा होती. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार उठला. त्यांचा प्रश्न मात्र उठलेला नाही. विदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती होऊन ते पैसे एका संस्थेने दुसरीस देण्यास बंदी झाली, आणि कारभारखर्चाची मर्यादा शेकडा ५० वरून २० वर आली. हा कायदा सरसकट शहाणपणाचा आहे असे आम्हांस वाटत नाही. लहान गावांतील पुष्कळ चांगली कामे त्याने अडचणीत आली. तथापि टिळकांचे शब्द ऐकून शंभर वर्षांत घरची गंगाजळी उभारली असती, तर कायद्याच्या एका फटक्याने इतकी धांदल उडाली नसती.

हे साधण्यास कुबेर लागत नाहीत. मिझोराममध्ये १९१० साली एक चाल पडली व ती आजतागायत चालू आहे. स्वयंपाकास तांदूळ घेताना घरची बाई त्यांतील एक मूठ बाजूस काढते. ते तांदूळ मंडळीचे लोक गोळा करतात, विकतात, आणि त्या पैशावर धर्माचे काम चालते. आपल्याकडे मुष्टिफंडाची व पैसाफंडाची आठवण असणारांस ह्यात नवल वाटणार नाही. २०११च्या शिरगणतीत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार होते. एवढ्या घरांतून रोज एक मूठ निघाली तर काय होईल, हे त्रैराशिक आम्ही दुकानदार वाचकांवरच सोपवितो.

दुसरी गोष्ट जातीची, आणि ती बोलताना आम्हांसही मान खाली घालावी लागते, कारण हे विष मूळचे आमच्याच घरचे. सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी आपले सोवळे कसे सुटले ते ‘स्मृतिचित्रां’त मोकळ्या मनाने सांगितले आहे. परंतु सर्वांस लक्ष्मीबाईंचे धैर्य नसते. एका पेल्यातून प्रसाद घेणारी माणसे सोयरिकीच्या वेळी पूर्वजांचा गावकुसाबाहेरचा पत्ता विचारू लागली, म्हणजे याकोबाच्या त्या प्रश्नास उत्तर उरत नाही. सरकारही येथे न्यायाने वागलेले नाही. अनुसूचित जातींविषयीच्या १९५०च्या आदेशाने दलित ख्रिस्ती मनुष्यास सवलतींबाहेर ठेविले आहे. शीख व बौद्ध दलितांस मागाहून आत घेतले, ह्यास मात्र दार बंदच. धर्म बदलल्याने गावाने जात विसरली नाही, आणि कायद्याने मात्र ती विसरली! ह्यामुळे कागदावर एक नाव व मंडळीत दुसरे, अशी ओढाताण कित्येकांच्या वाट्यास येते. त्याची लाज त्या गरिबास वाटावयाची की आपणांस?

वसईच्या कॅथॉलिक मंडळींनी अलीकडच्या काळात आणखी एक वाट दाखविली. धर्मगुरू फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालविले, बायबल सुबोध मराठीत आणले, आणि १९८८ पासून हरित वसईच्या चळवळीत पाण्याचा उपसा व बेसुमार बांधकाम यांविरुद्ध ख्रिस्ती व हिंदू शेजाऱ्यांस एकत्र उभे केले. विहीर आटली तर ती सर्वांचीच आटते. २०२० साली साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांस बसविताना काहींनी त्यांच्या झग्याकडे बोट दाखविले; अध्यक्ष झाले ते झालेच, आणि २०२४ साली ते गेले तेव्हा हळहळणारांत सर्व धर्मांचे लोक होते.

आमच्या दोन सूचना आहेत. प्रत्येक शहरातील मंडळीने आपल्या सेवाकार्याचा जमाखर्च दरसाल नाताळापूर्वी मराठीत छापून पेठेत उघड वाटावा. पैसा कोठून आला, कोणावर खर्चिला, आणि कोणाकडून बदल्यात काय मागितले अथवा मागितले नाही, हे सर्वांस दिसू द्यावे. आणि आमच्या ज्या वाचकांच्या घरचे कोणी मिशनच्या खाटेवर बरे झाले आहे, त्यांनी येत्या महिन्यात त्या दवाखान्यात जाऊन गरीब रोग्यांच्या औषधासाठी निराळी पेटी आहे किंवा नाही याची चौकशी करावी. नसेल तर ती ठेवावयास सांगावे, आणि पहिली नोट स्वतःची टाकावी.