चाळिशी

माणसाचे वय आणि त्याचा चष्मा यांचा मराठी भाषेने एकाच शब्दात निकाल लावून टाकला आहे. 'चाळिशी लागली' म्हणजे नेमके काय लागले, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे. मला ती लागली भर वर्गात. हजेरीपट धरलेला हात आपोआप लांब लांब जाऊ लागला आणि पहिल्या बाकावरच्या मुली हसल्या. शेवटच्या बाकावरची चुळबुळ मात्र मला स्वच्छ दिसत होती!

डॉक्टरांनी समजावून सांगितले. डोळ्यातले भिंग वयाबरोबर ताठर होते. जवळचे पाहायचे तर त्याला फुगावे लागते आणि तेच त्याला जमेनासे होते. दूरचे दिसण्यात काही बिघडत नाही. सव्वा नंबर लिहून देता देता त्यांनी माझ्या पोटाच्या घेराकडे पाहिले आणि सकाळी टेकडीवर जात चला, असेही सांगितले. ते औषध चष्म्याहून महाग पडले, कारण त्यासाठी साडेपाचाला उठावे लागते.

वेताळ टेकडीवर जाताना मी चष्मा घरीच ठेवी. त्यामुळे तास-दीड तास काही वाचता येत नसे. वीस वर्षे ज्याने अक्षरांखेरीज दुसरे काही पाहिले नाही, त्याला ही अवस्था प्रथम फार चमत्कारिक वाटते. मग नाइलाजाने माणूस झाडांकडे पाहू लागतो.

एका फाल्गुनात टेकडी उतरून येताना आमच्या कॉलेजच्या मागच्या फाटकापाशी पाय थबकले. रस्त्यावर तांबड्या, मांसल फुलांचा सडा पडला होता. वर पाहिले तर झाडावर पान नाही आणि साळुंक्या, कावळे, कोतवाल यांची मधासाठी नुसती झुंबड! फाटकाशी पाणी घालणाऱ्या माळीबुवांना विचारले, तर ते म्हणाले, "ही सावर की, सर."

मी वरमलो. सावर! दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली आले. माझ्या जन्माच्याही आधीचे हे पुस्तक मी किती वेळा शिकवले असेल! असेच एकदा शिकवताना फाल्गुनातल्या फुलांचा विषय निघाला आणि एका मुलीने विचारले, "सर, सावर म्हणजे कोणते झाड? आपल्याकडे दिसते का?" मला ठाऊक नव्हते. तसे म्हणायला काय हरकत होती? पण मी म्हणालो, "हा मराठीचा तास आहे, वनस्पतिशास्त्राचा नव्हे." वर्ग हसला. तिने मान खाली घातली आणि वर्षभरात पुन्हा काही विचारले नाही. त्या वेळी मला माझ्या हजरजबाबीपणाचे कौतुक वाटले होते. आणि ज्या झाडाबद्दल ती विचारत होती, त्याच्याखालून मी रोज स्कूटरवरून जात होतो.

त्या दिवसापासून मी त्या झाडाकडे जाता-येता थांबू लागलो. वैशाखात बोंडे फुटली आणि कापूस रस्ताभर उडाला. पावसाळ्यात पाने दाट झाली. शेजारी सावरीचे एक कोवळे झाड आहे, त्याच्या खोडाला हात लावण्याची सोय नाही, इतके टोकदार काटे! संस्कृतात ही शाल्मली. भागवत पुराणात तर 'वज्रकंटकशाल्मली' नावाचा एक नरकच आहे. पण थोरल्या झाडाच्या बुंध्यावर काटा जवळजवळ नाही. असतील त्या ठिकाणी बोथट गाठी. मी विचारले, कुणी तासले काय? माळीबुवा हसले. "तासतंय कोण? साल जून झाली की गळतात आपोआप. कोवळेपणी लागतात, गुरंढोरं तोंड लावतात ना."

घरी येऊन ही गोष्ट मी सौभाग्यवतींना मोठ्या उत्साहाने सांगितली. त्या भाजी निवडीत होत्या. "मग तुमचे कधी गळायचे?" एवढेच त्यांनी विचारले.

परवा वर्गात एका मुलाने एका रानफुलाविषयी विचारले. मी म्हणालो, "मला ठाऊक नाही. तास संपल्यावर माळीबुवांकडे जाऊ." मुले गोंधळून एकमेकांकडे पाहू लागली. त्या जुन्या वर्गातली ती मुलगी आज कुठे असेल, कोण जाणे. तिचे नावदेखील आठवत नाही, मान खाली घातलेली तेवढी दिसते.

आज सकाळी सावरीखाली उभा होतो. दिवाळीच्या दिवसांत तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. सगळी हिरवी पाने, फूल नाही की कापूस नाही. फाल्गुनाला अजून चार महिने आहेत.