हसू नका, विचारू द्या!

आमच्या मेसचे काका निवृत्त झाले, तेव्हा निरोपाचे फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. बाबांचा जुना फिल्म कॅमेरा, ३६ चा रोल, वर फ्लॅश. काय तो थाट! रोल धुऊन आला तर प्रत्येक फोटो अर्धा काळा. आणि काका नेमके त्या काळ्या अर्ध्यात.

चूक एवढीच, की शटर १/१२५ वर होतं. बाबांच्या कॅमेऱ्यात कापडी पडदे आहेत, त्याला फ्लॅशसाठी १/६० किंवा त्याहून कमी वेग लागतो. वेग वाढवला की पूर्ण चौकट एकदम उघडतच नाही, नुसती फट सरकते. हे आधी विचारणार होतो हो! पण त्याआधी 'पांढरा शर्ट फोटोत राखाडी का?' विचारलं, तेव्हा सीनियर्स खो-खो हसले होते. (मीटर बिचारा समोरचं सगळं मध्यम राखाडीच धरून चालतो. पांढऱ्याला एक-दीड स्टॉप जास्त द्यावा लागतो.)

डिजिटलवाल्याला चूक लगेच पडद्यावर दिसते, आम्हाला रोल धुतल्यावर. मग आधी विचारायचं नाही तर कधी?

माझ्या रूमवर जेवणानंतर कधीही या. रोल नीट बसलाय का, इथपासून विचारा. लिव्हर ओढल्यावर रिवाइंडचा नॉब फिरतोय का, ते आधी बघू.