पानाची नाडी

‘तण खाई धन’ ही म्हण आपल्या सर्वांच्या ओळखीची. मी पडलो भाषेचा मास्तर. मला शंका येते ती शब्दाची. नको तिथे उगवले ते तण, एवढीच तणाची व्याख्या. म्हणजे भेद सारा माणसाच्या मनात! मग तणनाशकाला तण कोणते नि पीक कोणते, हे कळते तरी कसे?

ते कळतच नाही. मक्याच्या शेतात वापरतात ते अ‍ॅट्राझिन घ्या. मुळांवाटे ते पानात चढते आणि प्रकाशसंश्लेषणाच्या वाटेवर एका नेमक्या जागी ठाण मांडून बसते. उन्हाच्या जोरावर इलेक्ट्रॉन पुढे सरकायचे, ते तिथेच अडतात. ऊन येत राहते, पण पचत नाही. आणि ते न पचलेले ऊनच अखेर पान जाळते. मका तरतो, कारण हे विष मोडून टाकण्याची सोय त्याच्यापाशी आहे. पण त्याच जमिनीत विषाचा अंश उरला आणि पुढे सोयाबीन पेरले, तर त्या बिचाऱ्याने काय करावे? पान पिवळे पडलेले शेतकऱ्याला दिसते, तोवर आत व्हायचे ते होऊन गेलेले असते.

मग आधी कळावे कसे? वाचकहो, पान स्वतःच सांगते! गिळलेल्या उजेडाचा शेकडा एक-दोन भाग ते मंद तांबड्या प्रकाशाच्या रूपाने परत टाकते. १९३१ साली जर्मनीत काउट्स्की आणि हिर्श या दोघांना आढळले, की अंधारातल्या पानावर एकदम उजेड टाकला, तर ही तांबडी झाक क्षणात उसळते आणि मग हळूहळू मावळते. वाट अडलेल्या पानात ती उसळते, पण मावळायचे नाव घेत नाही.

आज याच खुणेवर चालणारी यंत्रे आहेत. चिमट्यात धरून पान वीस-तीस मिनिटे अंधारात ठेवायचे, मग प्रखर झोत टाकायचा, की आकडा हजर. पान तोडावेही लागत नाही. निरोगी पानाचा आकडा सुमारे ०.८३, तो घसरला, की दुखणे आत शिरले म्हणून समजावे. सगळीच तणनाशके याच जागी घाव घालतात असे नाही. काहींच्या बाबतीत हा आकडा उशिरा बोलतो. पण कोणत्या वाणाला किती मात्रा सोसते, हे शेतकऱ्याचे पीक पणाला लावण्याआधीच चार कुंड्यांत पाहता येते, हे काय थोडे झाले?

दिवाळीत आपण घरोघर दिवे लावतो. शेतातल्या पानाचा दिवा मात्र मंद असलेलाच बरा. तो फार उजळला, तर धन्याने सावध व्हावे!